धावणे, तुलना आणि साधना

पहाटे धावून परत आल्यावर मन कसे असते? श्वास हळूहळू शांत होत असतो, अंगावर घाम असतो आणि थोडा वेळ काहीच नको असते. मग हातात मोबाईल येतो. ओळखीच्या कुणीतरी तेच 10 किलोमीटर आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे आधी पूर्ण केलेले दिसतात आणि नुकताच मिळालेला आनंद ओसरतो. अंतर तेच आहे, शरीरही तेच आहे. क्षणात बदलले ते मन. म्हणूनच हा अनुभव साधकाने थांबून पाहण्यासारखा आहे.

एका ताईंचा अनुभव

बडोद्याच्या एक साधक ताई, वय 47, कमाटीबागेत धावायला जातात. त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणीने एकाच आठवड्यात सुरुवात केली. पहिले काही महिने दोघींची प्रगती भराभर झाली. पुढे मैत्रीण 10 किलोमीटर 60 मिनिटांत धावू लागली. ताईंची वेळ मात्र 78 मिनिटांवरून 76 वर आली आणि तिथेच थांबली.

ताई रोजच जोर लावून धावू लागल्या. नडगी दुखू लागली, तरी थांबल्या नाहीत. शेवटी डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली. सत्संगात त्या म्हणाल्या, “वेग वाढत नाही याचे दुःख मी सोसेन. पण तिची वेळ चांगली आली की मला वाईट वाटते, आणि तिच्याशी बोलणेही मी टाळू लागले आहे. याची मला लाज वाटते.”

खरे नुकसान कुठे होत होते, हे ताईंनी स्वतःच ओळखले होते.

शरीराची स्वतःची गती असते

धावायला लागल्यावर सुरुवातीला सुधारणा लवकर दिसते, नंतर ती मंदावते. हे बहुतेक सर्वांच्या बाबतीत घडते. स्नायूंमधील सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढायला आठवडे आणि महिने लागतात. हाडे आणि स्नायुबंध तर स्नायूंपेक्षाही सावकाश मजबूत होतात. दम टिकतो म्हणून आपण वेग वाढवतो. पण नडगी अजून तयार नसते. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे जास्त रक्त जाते, त्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके अधिक पडतात. मे महिन्यातील वेळ जानेवारीतील वेळेशी ताडून पाहणे म्हणजे स्वतःवरही अन्याय आहे.

वय, झोप, घरची जबाबदारी आणि जन्मतः मिळालेली शरीराची ठेवण प्रत्येकाची वेगळी असते. मोबाईलवर फक्त मिनिटे दिसतात, हे काहीच दिसत नाही.

मात्र स्वीकार म्हणजे दुर्लक्ष नव्हे. थकवा सतत राहत असेल, तर रक्ताची तपासणी करून घ्यावी. हिमोग्लोबिन कमी असेल, तर तिथे उपचारच हवा.

अभ्यास, वैराग्य आणि मुदिता

चंचल मनासाठी गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अभ्यास आणि वैराग्य हे दोन उपाय सांगितले आहेत. उद्या पहाटे पुन्हा बूट घालणे हा अभ्यास. घड्याळात काय आले यावर दिवसभराची प्रसन्नता अवलंबून न ठेवणे हे वैराग्य. अभ्यास सुटला तर आळस येतो, आणि वैराग्य सुटले तर नडगी दुखेपर्यंत आपण धावतो.

पतंजलींनी चित्त प्रसन्न ठेवण्यासाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा यांची भावना सांगितली आहे. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्याने आनंदित होणे. ती आपोआप येत नाही, तिचाही सराव करावा लागतो. ध्यानातही आपण हीच तुलना करतो: “तिला इतके छान अनुभव येतात, मला मात्र किराणा मालाची यादी आठवते!” रस्त्यावर मुदिता शिकलो, तर ती आसनावरही उपयोगी पडेल.

फौजा सिंग यांनी 2011 मध्ये टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली. त्यांच्या सांगण्यानुसार तेव्हा त्यांचे वय शंभर होते. 42.195 किलोमीटरला त्यांना आठ तासांहून अधिक वेळ लागला. त्यांच्या पुढे हजारो लोक धावून गेले होते; तरी आज आपण त्यांची आठवण काढतो.

या आठवड्याचा सराव

1. बहुतेक दिवस पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने धावा.
2. धावून आल्यावर पाच मिनिटे शांत बसा. त्यानंतरच मोबाईल पाहा.
3. वहीत वेळेसोबत झोप, हवामान आणि मनाची स्थितीही लिहा. तुलना करायची असेल, तर तीन महिन्यांपूर्वीच्या स्वतःशी करा.
4. ज्यांच्या यशाने मन खट्टू होते, त्यांचे रोज एकदा मनापासून शुभ चिंता. शक्य झाल्यास फोन करून अभिनंदन करा.

ताईंना चौथा मुद्दा सर्वांत कठीण गेला. फोन हातात घेऊन त्या दोन दिवस थांबल्या होत्या. शेवटी फोन केला, तेव्हा मैत्रीण म्हणाली, “अगं, तू येत नाहीस म्हणून मला एकटीला कंटाळा येतो.” आता रविवारी दोघी पहिले तीन किलोमीटर गप्पा मारत एकत्र धावतात. मग मैत्रीण पुढे जाते.

ताईंची वेळ अजूनही 76 मिनिटेच आहे.

चिंतनासाठी : कुणाच्या प्रगतीने माझे मन संकोचते? त्या व्यक्तीशी मी शेवटचे मोकळेपणाने कधी बोललो किंवा बोलले?