नवजात शिशूंची शुश्रूषा आणि नवप्रशिक्षित परिचारिका

नमुना नोंदणी पद्धतीनुसार भारतातील अर्भक मृत्युदर, म्हणजे दर हजार जिवंत जन्मांमागे एक वर्षाच्या आतील मृत्यूंचे प्रमाण, २००५ मध्ये ५८ होता. तो २०२० मध्ये २८ झाला. याच काळात नवजात मृत्युदर, म्हणजे पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण, ३७ वरून २० वर आले. दोन्ही दर घटले. मात्र अर्भक मृत्यूंतील नवजात मृत्यूंचा वाटा सुमारे ६४ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेला. हे मृत्यू मुख्यतः अकाली जन्म, श्वासावरोध व जंतुसंसर्ग यांमुळे होतात आणि ते टाळण्यात परिचारिकेची भूमिका निर्णायक ठरते.

सेवेची रचना

पश्चिम बंगालमधील पुरुलिया येथे २००३ मध्ये जिल्हा पातळीवरील विशेष नवजात शिशू काळजी कक्ष सुरू झाला. तेथे स्थानिक मुलींना प्रशिक्षण देऊन परिचारिकांच्या साहाय्यास घेण्यात आले. २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनी देशासाठी त्रिस्तरीय रचना आखली : प्रसूतीच्या प्रत्येक ठिकाणी नवजात शिशू कोपरा, प्रथम संदर्भ केंद्रात स्थिरीकरण कक्ष आणि जिल्हा रुग्णालयात विशेष कक्ष.

थेट नेमणुकीचा प्रश्न

तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी घेतलेली परिचारिका बालरोग शुश्रूषा शिकलेली असते. परंतु दीड किलो वजनाच्या बाळाला औषधाची मात्रा वजनानुसार मोजून द्यावी लागते. तेथे अल्पशी चूकही घातक ठरते. म्हणूनच चार दिवसांचे वर्गप्रशिक्षण व दोन आठवड्यांचे निरीक्षण-प्रशिक्षण योजलेले आहे. अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली ते पूर्ण झाल्यास नवप्रशिक्षित परिचारिकेची थेट नेमणूक समर्थनीय ठरते. देखरेखीविना तिला रात्रपाळीस एकटीने ठेवणे मात्र बाळावर आणि तिच्यावरही अन्याय करणारे आहे.

मनुष्यबळाचे अर्थशास्त्र

एक जागा चोवीस तास भरलेली ठेवण्यास आठवड्याला २१ पाळ्या लागतात. एक परिचारिका सहा पाळ्या करते असे धरल्यास एका जागेस साडेतीन परिचारिका हव्यात. प्रत्येक पाळीत तिघी असाव्यात असे ठरविल्यास रजा न धरताही अकरा जणी लागतात. मंजूर पदांचा आकडा वाचताना हा हिशेब ध्यानात ठेवावा.

गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात सर्वसाधारण व विशिष्ट प्रशिक्षण यांत भेद केला. नवजात शुश्रूषेचे कौशल्य बव्हंशी या विशिष्ट कामाशीच निगडित असते. प्रशिक्षित परिचारिकेची बदली अन्य कक्षात झाली, तर त्यावरील गुंतवणुकीचा मोठा भाग वाया जातो. अल्पमुदतीच्या कंत्राटी नेमणुकांचाही परिणाम असाच होतो.

पुढील दिशा

२०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १५७ नवी परिचर्या महाविद्यालये जाहीर झाली. २०२३ मध्येच राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा संमत झाला. यामुळे संख्या व दर्जा या दोन्हींना चालना मिळू शकेल. तथापि २०३० पर्यंत नवजात मृत्युदर एक अंकी करण्याचे उद्दिष्ट गाठायचे, तर शिकलेल्या परिचारिकेला त्याच कक्षात टिकविणारे वेतन, निवास व पदोन्नतीचे धोरणही तितकेच आवश्यक आहे.