सेल्फवर टेकवलेला स्क्रूड्रायव्हर

आखाजी होऊन आठवडा झाला होता. चोपड्याकडे तेव्हा पारा 45 च्या आसपास असतो, म्हणून नांगरटी पहाटेच उरकायची असते. धुळ्याकडून घेतलेला आमचा जुना ट्रॅक्टर त्या पहाटे किल्ली फिरवली तरी गप्प. दिवे लख्ख, पण सेल्फचा साधा ‘टक्’ आवाजही नाही. मी खाली उतरलो आणि स्क्रूड्रायव्हर सोलेनॉइडच्या बोल्टांवर आडवा टेकवला. मिस्त्रीला तसं करताना कितीदा पाहिलं होतं. गिअर पडलेला आहे हे बघितलंच नाही. इंजिन लागलं आणि ट्रॅक्टर पुढे सरकला. मी स्वतःला बाजूला झोकून दिलं, पण डावा पाय मागच्या चाकाखाली सापडला. माती भुसभुशीत होती म्हणून दोन हाडांवर निभावलं. दीड महिना प्लास्टर.

गिअर न्यूट्रलला किंवा क्लच दाबलेला असल्याशिवाय सेल्फ फिरू नये, म्हणून बऱ्याच ट्रॅक्टरांना एक स्विच असतो. स्क्रूड्रायव्हर टेकवला की तो स्विच असून नसल्यासारखा. शिवाय सेल्फ इंजिनाच्या कुशीला असतो. त्याच्यावर वाकलेला माणूस मागच्या चाकाच्या वाटेतच उभा असतो. घाई कितीही असो, ट्रॅक्टर सीटवर बसूनच सुरू करा. हे मी हात जोडून सांगतो.

बिघाड मग पुतण्याने शोधला. बारा व्होल्टचा बल्ब, त्याला दोन वायरी, एवढंच साहित्य. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, सोलेनॉइडची बारीक वायर काढून मोकळी. बल्बची एक वायर इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावली, दुसरी एकेका ठिकाणी टेकवत गेला: बॅटरी, फ्यूज, मग किल्ली फिरवून धरून तिच्या पुढची वायर, मग क्लच दाबून क्लचजवळचा स्विच. स्विचच्या अलीकडे बल्ब पेटला, पलीकडे नाही. वर टेप गुंडाळलेला, आत तांब्यावर हिरवा गंज. आधीच्या कुणीतरी नुसता पीळ देऊन सांधा केला होता.

‘टक्’ आवाज येऊन दिवे मंदावत असतील तर रोग वेगळा. तेव्हा बॅटरी, तिचे टर्मिनल आणि अर्थिंगची पट्टी बघायची. भरलेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना 14 च्या आसपास दिसले नाहीत तर चार्जिंग होत नाही. उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी झपाट्याने आटतं. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं नको. वायर सोडताना आधी अर्थिंगची, जोडताना ती शेवटी. डिझेल इंजिन एकदा लागलं की ठिणगीवाचून चालतं, म्हणून आपण वायरिंगकडे वर्षानुवर्षे बघत नाही. मीही बघितलं नव्हतं.

स्विचला नवी वायर घातली तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, तुम्ही बांधावर बसा.” क्लच न दाबता त्याने किल्ली फिरवली. सेल्फ हलला नाही. क्लच दाबला, इंजिन लागलं.