सहस्रकुंडाची सायकल-सफर : पूर्वतयारीचा एक पाठ

पावसाळा सरत आला, कयाधूचें पाणी निवळूं लागलें आणि शेतांत कापसाचीं बोंडें दिसूं लागलीं, कीं आपल्या हदगांवच्या वरच्या वर्गांतील मुलांत एक बेत शिजूं लागतो. सायकली घेऊन सहस्रकुंडाचा धबधबा पाहावा, जमल्यास तसेंच पुढें किनवट व उनकेश्वर करावें, आणि चार-पांच दिवसांनीं घरीं परतावें, असा तो बेत. बहुधा तो घराच्या उंबरठ्यावरच संपतो. वडील 'नाहीं' म्हणतात, मुलगा रुसतो, आई मध्यें पडते, आणि सायकल पुन्हां भिंतीला टेकते.

परंतु या 'नाहीं'च्या पोटांत चार प्रश्न दडलेले असतात. कोठें जाणार? रोज किती जाणार आणि रात्रीं कोठें राहणार? बरोबर काय नेणार? आणि अडचण आली तर काय करणार? ज्या मुलाजवळ यांचीं उत्तरें कागदावर लिहिलेलीं असतात, त्याला परवानगी मिळण्याचा संभव पुष्कळ असतो; आणि परवानगी मिळाल्यावर सुखरूप परत येण्याचाही. तीं उत्तरें कशीं तयार करावीं, हाच आजचा पाठ.

सायकलीवरचा दूरचा प्रवास ही कांहीं नवी गोष्ट नाहीं. मुंबईहून १९२३ सालीं सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारें ४४ हजार मैल तुडवून १९२८ सालीं परत आले. आपली सफर त्याच्या दोनशेंव्या भागाइतकीही नाहीं. तरी तिला तयारी तीच लागते. कारण वाटेंत पंक्चर झालेल्या चाकाला, आपण जगप्रवासी आहों कीं हदगांवकर, हें ठाऊक नसतें.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊं. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत शेवटीं वर्धा नदीला मिळते. आपल्या भागांत तिच्या एका तीरावर नांदेड जिल्हा व दुसऱ्या तीरावर यवतमाळ जिल्हा आहे. किनवट तालुक्यांतील इस्लापूरजवळ ही नदी काळ्या कातळावरून अनेक धारांनीं खालीं कोसळते. तोच सहस्रकुंडाचा धबधबा. आपली कयाधूही त्याच्या पुष्कळ वरच पैनगंगेला मिळालेली असते. म्हणजे आपल्या तालुक्यांत पडलेला पाऊस आपल्या आधींच तेथें जाऊन पोंचतो!

हा काळा कातळ सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्ह्याचे थरांवर थर सांचून बनला. सर्व थर सारखे कठीण नसतात. खालचा मऊ थर पाण्यानें झिजतो, वरचा कठीण थर पुढें आलेला राहतो, आणि नदी त्याच्या कडेवरून उडी घेते. जोराच्या प्रवाहांत सांपडलेले गोटे एकाच जागीं गरगर फिरत राहिले, म्हणजे खडकांत रांजणासारखे खळगे कोरले जातात. कुकडी नदीवरील निघोजचे रांजणखळगे याकरितां प्रसिद्ध आहेत. अशा खळग्याचें तोंड लहान आणि पोट मोठें असूं शकतें. वरून पाणी वाहत असलें तर तो दिसतही नाहीं. हा मुद्दा ध्यानांत ठेवा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां वेळ. आषाढ-श्रावणांत धबधब्याचें रूप सर्वांत मोठें असतें, पण तेव्हांच रस्ते निसरडे, ओढे भरलेले आणि काठ धोक्याचे असतात. उन्हाळ्यांत रस्ता कोरडा, पण धारही क्षीण. म्हणून पावसाचा जोर ओसरल्यानंतरचे दिवस, म्हणजे साधारणतः ऑक्टोबर महिना, सायकलस्वाराला सोयीचे. निघण्यापूर्वीं दोन गोष्टींची चौकशी अवश्य करावी : हवामानखात्याचा अंदाज काय आहे, आणि वरच्या अंगाला असलेल्या इसापूर धरणांतून पाणी सोडलें आहे किंवा सोडणार आहेत काय. सहस्रकुंडाचें पाणी केवळ आपल्या डोक्यावरील आकाशावर अवलंबून नसतें.

मार्ग असा आंखतां येईल. पहिल्या दिवशीं हदगांवहून हिमायतनगर. हें अंतर ३५ ते ४० किलोमीटर धरावें. दुसऱ्या दिवशीं हिमायतनगरहून इस्लापूर, तेथून धबधबा, आणि मुक्कामाला परत इस्लापूर. हाही तितकाच पल्ला. तिसऱ्या दिवशीं इस्लापूर ते किनवट, सुमारें ४० किलोमीटर. चौथ्या दिवशीं सामान किनवटला ठेवून सुमारें २० किलोमीटरांवरील उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे पाहून परत. पांचव्या दिवशीं थकवा असेल तर किनवटहून रेल्वेनें हिमायतनगर गांठावें. मुदखेड-आदिलाबाद हा लोहमार्ग याच बाजूनें जातो. गाडीची वेळ आणि सायकली चढवण्याचा नियम मात्र स्टेशनांत आधींच विचारून ठेवावा. हीं सर्व अंतरें स्थूल आहेत. प्रत्येकानें नकाशावर स्वतः मोजून आपल्या वहींत लिहावीं.

अंतरापेक्षां वेळेचें गणित महत्त्वाचें. सामान लादलेली साधी सायकल तासाला १० किलोमीटर धरावी. ४० किलोमीटरांस ४ तास. दर तासाला १० मिनिटें विसांवा, म्हणजे ४० मिनिटें. जेवणास १ तास, आणि पंक्चर किंवा चढासाठीं १ तास राखीव. एकूण ६ तास ४० मिनिटें. सकाळीं ६ वाजतां निघालेला मुलगा दुपारीं १२ वाजून ४० मिनिटांनीं पोंचेल. दहाला निघालेला दुपारीं ४ वाजून ४० मिनिटांनीं. ऑक्टोबरांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पहिल्याजवळ पांच तासांहून अधिक उजेड शिल्लक, दुसऱ्याजवळ दीड तासही नाहीं. दुसऱ्याचें एक चाक आणखी बसलें, कीं त्याला जंगलांत रात्र झाली! किनवटकडील वाट वनांतून जाते, व पैनगंगेच्या कांठीं अभयारण्यही आहे. म्हणून 'अंधार पडल्यावर सायकल चालवायची नाहीं' हा नियम कागदाच्या माथ्यावरच लिहावा.

सामानाविषयीं सूत्र एकच : जें नेलें तें आपल्याच पायांनीं ओढावें लागतें. अलीकडे सायकलस्वार मोठे ओझें कॅरिअरवर न रचतां लहान लहान पिशव्या सायकलीच्या सांगाड्यालाच घट्ट बांधतात. यांतील तत्त्व पदार्थविज्ञानाचें आहे : वजन जितकें खालीं व मध्यावर, तितका तोल चांगला. पाण्याच्या बाटल्या व हत्यारें सांगाड्याच्या त्रिकोणांत, कपडे व पांघरूण गुंडाळून हँडलला, हलकें सामान सीटच्या मागें. पाठीवर दप्तर नको. त्यानें खांदे धरतात व घाम सुकत नाहीं. सर्व मिळून ८ किलो पुरे. दोरीचें टोक लोंबतें ठेवूं नये. तें आऱ्यांत अडकलें, तर स्वार तोंडघशीं पडतो.

प्रत्येक सायकलीस पंप, एक जादा ट्यूब आणि पंक्चरचें सामान हवें. पंक्चर काढणें घरीं दोनदां करून पाहिल्याशिवाय निघूं नये. टायर रिमवरून सोडवून ट्यूब बाहेर काढावी, हवा भरून पाण्यांत बुडवावी; बुडबुडे निघतील तेथें भोंक. ती जागा पुसून, घांसून खरखरीत करावी, सोल्यूशन लावून तें किंचित् वाळूं द्यावें आणि मग ठिगळ दाबून बसवावें. यांत दोन चुका नेहमीं होतात : सोल्यूशन ओलें असतांनाच ठिगळ लावणें, आणि टायरच्या आंत बोट फिरवून कांटा न काढणें. दुसऱ्या चुकीनें दहा मिनिटांत पुन्हां पंक्चर होतें. आणि आपल्याकडे बाभळी कांहीं थोड्या नाहींत.

शिदोरीला धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ व भाजलेले शेंगदाणे यांहून चांगलें कांहीं नाहीं. तासाला निदान अर्धा लिटर पाणी प्यावें. नदीचें पाणी उकळल्याखेरीज पिऊं नये.

आतां त्या गोष्टीकडे येतों, जिच्यासाठीं हा लेख लिहिण्याचें मनांत आलें. माझ्या विद्यार्थिदशेंत आम्ही चौघे असेच सहस्रकुंडाला गेलों. घरीं सांगितलें होतें, 'हिमायतनगरला मामाकडे जातों.' उशिरा निघाल्यामुळें पोंचलों तेव्हां ऊन कललें होतें. पाणी बेताचें, आकाश निरभ्र. एक मित्र कातळावरून चालत मधल्या खडकावर जाऊन बसला व त्यानें डबा उघडला. तेवढ्यांत कांठावरचा एक गुराखी ओरडला, "पाण्याचा रंग पाहा!" हिरवट पाणी गढूळ झालें होतें, आणि त्यावरून काड्या व पालापाचोळा वाहत येत होता. मित्र उठून धांवला. येतांना कोरडा असलेला कातळ आतां ओला झाला होता. त्याचा एक पाय खळग्यांत गेला, आणि त्या गुराख्यानें काठी पुढें केली म्हणूनच तो वर आला. चप्पल, डबा व पिशवी नदीनें नेली. थोड्याच वेळांत तो मधला खडक दिसेनासा झाला. पाऊस आमच्यापासून दूर, वर कोठें तरी पडला होता.

त्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. पुराचें भय होतेंच. पण त्याहून एक विचार मनाला टोंचत होता : मित्र वाहून गेला असता, तर त्याच्या आईनें त्याला मामाच्या गांवीं शोधलें असतें!

म्हणून धबधब्यापाशीं हे नियम पाळा. प्रवाहामधल्या खडकावर, तो कितीही कोरडा असो, जाऊं नये. शेंवाळलेल्या कातळावर पाय ठेवूं नये, कुंडांत पोहूं नये. पोंचतांच पाण्याच्या कडेला एक खूण-दगड ठेवावा. तो बुडूं लागला, पाणी गढुळलें किंवा आवाज वाढला, कीं सामानाचा विचार न करतां वर यावें. आणि गुराखी, कोळी, शेतकरी जें सांगतील तें प्रथम ऐकावें. नदी त्यांना आपल्यापेक्षां अधिक ओळखते. किनवटच्या बाजूला गोंड, कोलाम, आंध व बंजारा लोकांचीं गांवें आहेत. तेथें आपण पाहुणे. विचारल्याशिवाय कोणाच्या अंगणांत उतरूं नये, फोटो काढूं नये, कागद-पिशव्या टाकून येऊं नये.

शेवटचें काम कागदाचें. एका पानावर रोजचा मार्ग, मुक्कामाचें ठिकाण, सोबत्यांचीं नांवें, त्यांच्या घरचे दूरध्वनी क्रमांक व पोंचण्याची वेळ लिहून त्याच्या दोन प्रती कराव्या. एक घरीं, एक शिक्षकांजवळ. मुक्कामीं पोंचल्याबरोबर घरीं कळवावें. जंगलांत मोबाईलला रेंज मिळेलच असें नाहीं. म्हणून निरोप अमुक वाजेपर्यंत न आल्यास कोणी काय करायचें, तेंही आधींच ठरवावें. बेत बदलला तर तोही कळवावा. सोबतीला एक जाणतें माणूस असावें. पालकांनाही विनंती, कीं मुलानें असा कागद पुढें ठेवला, तर तो वाचल्याशिवाय 'नाहीं' म्हणूं नये. कागदांत उणीव दिसली तर ती दाखवून तो परत लिहवून घ्यावा. असें दोनदां-तीनदां झालें, तर शेवटीं वडिलांच्या हातीं पूर्ण उत्तर असेल, आणि मुलाला खोटें बोलून निघावें लागणार नाहीं.

स्वाध्याय : (१) तुमच्या सायकलीचा सामानासह खरा वेग पांच किलोमीटर चालवून काढा. (२) त्या वेगानें इस्लापूर ते किनवट या पल्ल्याचें वेळापत्रक मांडा. (३) आकाश निरभ्र असतांही नदीला पाणी कां वाढतें, याचीं दोन कारणें लिहा. (४) वर सांगितलेला कागद तयार करून वडिलांना वाचून दाखवा, आणि त्यांनीं विचारलेला पहिला प्रश्न वहींत लिहून ठेवा.