वाचनालयासाठी कोणता गेमिंग कन्सोल घ्यावा?

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या बालविभागात शनिवारी दुपारी व्हिडिओ गेमचा उपक्रम सुरू करायचा आहे. देणगी मिळाली आहे. सगळे म्हणतात, सर्वांत ताकदवान म्हणून प्लेस्टेशन 5च घ्या. काय करावं?
– एक ग्रंथपाल, वाघोली

उत्तर : ताकदीचा हिशेब घरी एकट्याने खेळणाऱ्याने करावा. तुमच्याकडे दहा-बारा मुलं एका पडद्यासमोर बसणार; एका वेळी किती जण खेळू शकतात, हे आधी पाहा. माझं मत निन्टेन्डो स्विचला. त्याच्या जॉय-कॉन कंट्रोलरची जोडी सुटी करून दोघांना एकेक देता येते. आणखी एक जोडी घेतली, की 'मारिओ कार्ट 8 डिलक्स' चौघं एकत्र खेळतात. कार्ट्रिजही पुस्तकासारखी नोंद करून कपाटात ठेवता येते. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्कची सोयच नाही, खेळ ऑनलाइन खात्याला बांधलेले राहतात.

मात्र स्विच बहुधा आयात होऊन येतो, तेव्हा वॉरंटी कोण देणार हे बिलावर लिहून घ्या. ते जमत नसेल तर डिस्कचा प्लेस्टेशन 5 घ्या. त्यासोबत एकच कंट्रोलर मिळतो, बाकीच्यांचा खर्च धरा.

2025च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याची धास्ती नको, बंदी पैसे लावून खेळण्यावर आहे. तरी तासाचे पैसे घेऊ नका. खेळ खासगी वापरासाठीच विकले जातात. खोक्यावरचं वयाचं चिन्ह तपासा. मोठ्या मुलांना पुण्यातच घडलेला 'राजी : ॲन एन्शंट एपिक' (2020) जरूर दाखवा.

सरकारी अनुदानाला हात लावण्याआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना विचारा. देणगीतून करताय, तर बिनधास्त सुरुवात करा.