बिडी सोडायची तर एकट्याने की गटाने?

आपल्या वस्तीत बिडी सोडण्याचा निश्चय एकदाही न केलेला बिडीवाला शोधून सापडणार नाही. कोणी मुलाची शपथ घेऊन सोडतो, कोणी १४ एप्रिलचा मुहूर्त धरतो. चार दिवसांनी नाक्यावरच्या चहाबरोबर पुन्हा काडी पेटते आणि घरचे म्हणतात, "याच्यात दमच नाही."

आम्हाला हे मान्य नाही. बिडीतले निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते आणि मेंदूला त्याची सवय जडते. सोडल्यावर चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच ओसरतो. त्या दिवसांत माणसाला सोबत लागते.

सोबत कोणत्या पद्धतीने द्यावी? कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली जगभरातील ६६ अभ्यास एकत्र तपासले. नुसती माहितीपुस्तिका वाचून सोडू पाहणाऱ्या शंभरातले साधारण ५ जण यशस्वी होत असतील, तर गटात येणाऱ्यांतले ८ ते १२ जण होतात, असा त्याचा अंदाज. म्हणजे गटातही बहुतेकांना पहिल्या वेळी जमत नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण यशाची शक्यता जवळजवळ दुप्पट होते.

गट बरा की समुपदेशकाशी एकट्याने बोलणे बरे? यात स्पष्ट फरक दिसला नाही. चारचौघांत बोलायला संकोच वाटणाऱ्याने एकट्याने जावे, त्यात कमीपणा नाही.

गट चालवण्याच्याही रीती वेगवेगळ्या आहेत. काही गट तलफ टाळण्याच्या युक्त्या शिकवतात, काही एकमेकांना धीर देतात, काही उदासीवर जास्त भर देतात. धीर आणि युक्त्या या नेहमीच्या दोन गोष्टींपलीकडे खास तंत्र जोडल्याने जास्त लोक सोडतात, असे ठोसपणे दिसलेले नाही. म्हणून मोठ्या तज्ज्ञाची वाट पाहत थांबू नये.

विहारात रविवारी वंदनेनंतर आठ-दहा जण बसू शकतात. आरोग्य केंद्रातील कर्मचाऱ्याला किंवा आशाताईंना बोलवा. सोडण्याचा एकच दिवस सर्वांनी ठरवा आणि त्यानंतर निदान महिनाभर दर आठवड्याला भेटा. तलफ कधी येते, हे प्रत्येकाने सांगावे: चहानंतर, कामाच्या सुट्टीत, भांडण झाल्यावर. तलफ काही मिनिटांत उतरते. तेवढा वेळ पाणी प्या, दीर्घ श्वास घ्या, जागा बदला. बिडी सोडून मावा धरू नका, निकोटीन त्यातही आहे. मिसरी लावणाऱ्या भगिनींची बैठक वेगळी ठेवा, पुरुषांसमोर त्या मोकळेपणाने बोलणार नाहीत.

रात्रपाळीमुळे बैठकीला येणे जमत नसेल, तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्राची चौकशी करा. औषध किंवा निकोटीनचे च्युइंगम घ्यायचे तर डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि एक. गटातल्या कोणी पुन्हा बिडी पेटवली, तर त्याला हसू नका, गटातून काढू नका. तो कशाने घसरला, हे त्याच्याच तोंडून ऐका आणि नवा दिवस ठरवा. पुढच्या रविवारी सतरंजीवर त्याची जागा राखून ठेवा.