फर्निचरसाठी घरगुती एलईडी प्रकाशयोजना

नीरा नदीकाठचे अकलूज हे सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याचे एक गजबजलेले केंद्र होय. येथील सहकारी साखर कारखान्यात उसाच्या रसापासून साखर, तर उरलेल्या चिपाडापासून वीज तयार होते. २०२१ साली येथील ग्रामपंचायतीचे नगरपरिषदेत रूपांतर झाले. गाव वाढले की घरे वाढतात आणि घरांबरोबर भिंतीतील कपाटे, अभ्यासाची मेजे व देवघरेही वाढतात. खोलीच्या मध्यभागी लावलेल्या दिव्याचा उजेड कपाटाच्या तळाशी पोहोचत नाही. मेजावर वाकून लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीवर तर त्याचीच सावली पडते. ही उणीव अल्प खर्चात, घरच्या घरी दूर करता येते. मात्र ती दूर करताना विजेच्या सुरक्षिततेचे भान सुटता कामा नये.

उजेडामागील विज्ञान

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा डायोड. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी तांबडा प्रकाश देणारा डायोड तयार केला. पांढऱ्या प्रकाशासाठी निळा डायोड आवश्यक होता. तो सिद्ध करणाऱ्या आकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या डायोडवर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा थर दिला की दोहोंच्या मिश्रणातून पांढरा प्रकाश मिळतो. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या 'उजाला' योजनेमुळे असे दिवे देशभर घरोघरी पोहोचले.

हिशेब आधी, काम नंतर

फर्निचरसाठी १२ व्होल्टवर चालणारी लवचीक पट्टी सोयीची ठरते. एका मीटरमध्ये ६० डायोड असलेल्या साध्या पट्टीत तीन-तीन डायोडांचे गट असतात व प्रत्येक गटाला एक रोध जोडलेला असतो. एका डायोडला सुमारे ३.२ व्होल्ट लागतात, म्हणजे तिघांना ९.६ व्होल्ट. उरलेले २.४ व्होल्ट रोधावर पडतात. गटातून २० मिलिअँपिअर प्रवाह जावयाचा असेल, तर ओहमच्या नियमानुसार हा रोध १२० ओहमचा हवा.

आता ९० सेंटिमीटर लांबीचे मेज घेऊ. तेवढ्या पट्टीत ५४ डायोड, म्हणजेच १८ गट येतात. एकूण प्रवाह ३६० मिलिअँपिअर व शक्ती सुमारे ४.३ वॅट होते. त्यामुळे १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर पुरेसा होतो. रोज पाच तास दिवा लावल्यास ३० दिवसांत सुमारे ०.६५ युनिट वीज लागेल. याच कामासाठी ४० वॅटचा जुना तारेचा बल्ब ६ युनिट वीज घेतो.

कृती

पट्टी केवळ कापण्याच्या खुणेवरच कापावी. या पट्टीवर ही खूण दर ५ सेंटिमीटरला असते. अधिक व उणे टोके ओळखून तारा सोल्डर कराव्यात. टोके उलटी जोडल्यास दिवा लागत नाही. पट्टी बसविण्यापूर्वीच ती एकदा पेटवून पाहावी. सोलापूर जिल्ह्याच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. अशा उष्णतेत पट्टीचा चिकट थर सुटतो व डायोडचे आयुष्य घटते. म्हणून पट्टी थेट लाकडावर न चिकटविता ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवावी. पन्हळीवरील दुधी झाकणामुळे डोळ्यांवर तिरीप येत नाही. मेजाच्या वरच्या फळीच्या पुढील कडेला, आतील बाजूस पट्टी लावल्यास प्रकाश वहीवर पडतो व डोळ्यांत जात नाही.

धोका कोठे आहे

बाजारात थेट २३० व्होल्टवर चालणारी पट्टीही मिळते. ती अडॅप्टरशिवाय चालत असल्याने सोपी वाटते. परंतु तिचे कापलेले टोक घरातील विजेच्या जोडणीपासून अलग झालेले नसते. अशी पट्टी लोखंडी कपाटात लावली आणि तारेचे आवरण पत्र्याच्या धारेने कापले गेले, तर संपूर्ण कपाटात वीज उतरू शकते. कपड्यांसाठी हात घालणाऱ्या लहान मुलाच्या जिवावरच ते बेतेल. म्हणून फर्निचरमध्ये २३० व्होल्टची पट्टी वापरू नये. अडॅप्टर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी असलेला घ्यावा, तो उघडू नये व कपड्यांच्या घडीखाली न ठेवता मोकळ्या हवेत ठेवावा. नवीन सॉकेट बसविण्याचे काम परवानाधारक वीजतंत्रीकडूनच करून घ्यावे.

वीज खंडित होते तेव्हा हीच पट्टी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर चालते. बॅटरीची निम्मी शक्ती वापरली, तरी वरील मेजावर सुमारे नऊ तास उजेड मिळतो. तथापि बॅटरी चार्ज होत असताना पट्टी जोडलेली ठेवू नये. त्या वेळी दाब १३.८ व्होल्ट वा त्याहून अधिक होतो. दाबातील वाढ थोडी दिसली, तरी डायोडातील प्रवाह सुमारे दीडपट होतो आणि पट्टी अकाली निकामी होते.

शाळा व पंचायतींसाठी

माध्यमिक शाळेत ओहमचा नियम शिकविताना तीन डायोड, एक रोध व एक बॅटरी एवढ्या साहित्यावर वरील हिशेब विद्यार्थ्यांकडून पडताळून घेता येईल. फळ्यावरचे सूत्र त्यांच्या हातात उजेड होऊन येईल. ग्रामपंचायतींना वाचनालयाच्या कपाटांसाठी व अभ्यासिकेच्या मेजांसाठी हीच पद्धत उपयोगी पडेल. मात्र काम हाती घेण्यापूर्वी जुन्या इमारतीची अर्थिंग व गळतीरोधक स्विच यांची तपासणी अवश्य करून घ्यावी. विजेची बचत महत्त्वाची खरीच, पण अभ्यासाला बसलेल्या मुलाची सुरक्षितता त्याहून मोलाची आहे. दोन्ही साधणारा उजेडच घरात यावा.