जनुकोपचार आणि किरणोपचार : कर्करोगावरील जोडउपचाराचा अभ्यास

भगवान बुद्धांना बौद्ध वाङ्मयात थोर वैद्याची उपमा दिलेली आढळते. दुःख ओळखावे, त्याचे कारण शोधावे, ते दूर होऊ शकते हे जाणावे आणि त्यासाठीच्या मार्गाने चालावे, ही चार आर्यसत्यांची रीत निष्णात वैद्याच्या रीतीसारखीच आहे. त्याच क्रमाने एका रोगाचा व त्यावरील नव्या उपचाराचा अभ्यास या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावा, असे आम्ही योजिले. निर्मळहून नालासोपारा स्टेशन आणि तेथून परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय ही वाट आपल्यापैकी अनेक कुटुंबांच्या परिचयाची आहे. म्हणून हा विषय आपल्याला परका नाही.

रोग आणि त्याचे कारण

शरीरातील पेशींची वाढ जनुकांच्या आज्ञेने चालते. काही जनुके वाढीला चालना देतात, तर काही तिला आवर घालतात. आवर घालणाऱ्यांत ‘पी-५३’ हे जनुक प्रमुख होय. पेशीतील डीएनए तुटला की या जनुकापासून बनणारे प्रथिन विभाजन थांबविते आणि दुरुस्तीला अवसर देते. दुरुस्ती अशक्य असेल तर ते त्या पेशीला मृत्यूकडे नेते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत हा पहारेकरीच बिघडलेला असतो. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे मोठे कारण म्हणजे तंबाखू, मिश्री व गुटखा. त्यांतील घातक द्रव्ये डीएनएवरच आघात करतात. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. परंतु सवय कायद्याने सुटत नाही.

किरणोपचाराचे कार्य

बोलीभाषेत ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणतात, तो किरणोपचार म्हणजे भाजणे नव्हे. तीव्र ऊर्जेचे किरण गाठीतील पेशींचा डीएनए तोडतात. निरोगी पेशी बहुधा स्वतःची दुरुस्ती करू शकतात. म्हणूनच हा उपचार एकाच दिवशी न देता, आठवड्याचे पाच दिवस, सहा ते सात आठवडे थोडा थोडा दिला जातो. कोबाल्ट-६० वर चालणारे ‘भाभाट्रॉन’ हे किरणोपचाराचे स्वदेशी यंत्र मुंबईच्याच भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे.

परंतु एक अडचण उरते. किरणांनी डीएनए तुटला तरी पी-५३ बिघडलेल्या पेशीला मरणाची आज्ञा मिळतेच असे नाही. ती अनेकदा तग धरते आणि गाठ पुन्हा वाढते.

दोहोंची जोड

येथेच जनुकोपचाराचा विचार पुढे आला. सर्दीच्या विषाणूंपैकी एका विषाणूची वाढण्याची शक्ती काढून घ्यावयाची, त्यात निरोगी पी-५३ जनुक ठेवावयाचे आणि तो गाठीत टोचावयाचा. जनुकाने पहारा पुन्हा उभा करावा आणि किरणांनी घाव घालावा, अशी ही योजना. चीनने २००३ साली डोके व मानेच्या कर्करोगासाठी असे औषध मान्य केले. तेथील चाचण्यांत ते किरणोपचाराबरोबर देण्यात आले होते.

दुसरी जोड आपल्या अधिक जवळची आहे. मुंबईची आयआयटी आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून ‘नेक्सकार-१९’ हा उपचार सिद्ध झाला. ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचे लोकार्पण झाले. यात रुग्णाच्याच रक्तातील संरक्षक पेशी काढून, त्यांत नवे जनुक घालून त्या परत दिल्या जातात. हा उपचार रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या काही विशिष्ट कर्करोगांसाठी आहे. तोंडाच्या कर्करोगासाठी नाही. अशा पेशी तयार होण्यास काही आठवडे लागतात. त्या अवधीत लसिकाग्रंथींची गाठ आटोक्यात ठेवण्यासाठी जगातील अनेक रुग्णालयांत निवडक रुग्णांना किरणोपचार दिला जातो. येथे तो दोन काठांमधील पुलाचे काम करतो.

आशा आणि विवेक

कालामांना भगवंतांनी सांगितले की, केवळ ऐकीव आहे म्हणून काही स्वीकारू नका, पारखून घ्या. तीच कसोटी येथेही लावली पाहिजे. पी-५३ वर आधारलेल्या अशाच एका औषधाला २००८ साली अमेरिकेत मान्यता मिळू शकली नाही. किरणांनी जागे होणारे जनुक स्वादुपिंडाच्या गाठीत सोडण्याच्या मोठ्या चाचणीत रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. १९९९ साली अमेरिकेत एका दुसऱ्या रोगावरील जनुकोपचाराच्या चाचणीत अठरा वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला. विज्ञान अपयश लपवून नव्हे, नोंदवून पुढे जाते.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे एवढेच : उद्याच्या जनुकोपचाराची वाट पाहत आजचा सिद्ध उपचार लांबवू नये. तोंडातील न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. शेक सुरू झाल्यावर तोंड आले, गिळणे कठीण झाले, तरी मनाने उपचार सोडू नये. तो त्रास डॉक्टरांना सांगावा. आजी-माजी विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील मिश्रीची डबी व तंबाखूची पुडी दूर केली, तर तोही उपचारच ठरेल. किंबहुना कारणालाच हात घालणारा म्हणून तो सर्वांत पहिला ठरेल.